पारा आणि पाचोळा

माझ्या आजोळी एक वृद्ध वैद्य होते. त्यांच्या ओसरीवर काळ्या पाषाणाचा, नावेच्या आकाराचा एक खल असे, आणि सुटीत तेथे गेलेली आम्ही मुले त्या खलाभोवती तासन्‌तास बसून राहत असू. खलात गंधकाची पिवळी भुकटी घालून तीवर वैद्यबुवा एका कुपीतून पारा ओतीत. आणि जो पारा क्षणभर एका जागी ठरत नसे, बत्त्याचा धक्का लागताच शतधा फुटून खलाच्या कडांकडे धाव घेत असे, तो त्या संथ, न थांबणाऱ्या घर्षणाखाली हळूहळू आपले तेज हरवीत जाई आणि शेवटी खलात काजळासारखी काळी, मऊ पूड तेवढी उरे. तिला ते कज्जली म्हणत. ती सिद्ध झाली की नाही हे पाहण्यासाठी चिमूटभर पूड पाण्याच्या थेंबात कालवून ते उन्हात धरीत, आणि तीत चांदीचा एकही कण चमकला नाही, म्हणजे ती 'निश्चंद्र' झाली, तरच बत्ता खाली ठेवीत.

पुढे कित्येक वर्षांनी अरण्यातील पाऱ्याविषयीचे शास्त्रीय संशोधन वाचू लागलो, तेव्हा तो खल मला पुनःपुन्हा आठवू लागला. ज्या धातूला आपल्या भाषेने चंचलपणाचे उपमान करून ठेवले, तो धातू गंधकापुढे मात्र आपला सारा चंचलपणा टाकून देतो, हे रसवैद्यांना शतकानुशतके ठाऊक होते. आणि पारा अरण्यात कोठून येतो, कोठे थांबतो, कोणाच्या देहात शिरतो आणि कोणाला पिडतो, या प्रश्नांचा माग काढीत गेले असता पावलोपावली हा गंधकच भेटतो.

पृथ्वीच्या पोटातला पारादेखील बहुतांशी गंधकाशी बांधलेलाच असतो. चित्रकारांच्या परिचयाचा तांबडा हिंगूळ हा या दोघांचाच संयोग होय, आणि दगडी कोळशात जो अत्यल्प पारा असतो त्यातलाही बराचसा भाग गंधकयुक्त खनिजांच्या आश्रयाने राहिलेला असतो. हिंगूळ भट्टीत भाजला किंवा कोळसा बॉयलरमध्ये जाळला की ती गाठ सुटते आणि पारा वाफ होऊन आकाशात जातो. सोने शोधणारे गरीब लोक नदीकाठची वाळू पाऱ्यात घोळतात, सोन्याचे कण पाऱ्याला चिकटून एक गोळा तयार होतो, आणि तो गोळा उघड्या आगीवर तापवला म्हणजे पारा उडून जाऊन सोने तेवढे उरते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१५ या वर्षाचा जो हिशेब मांडला, त्याप्रमाणे मनुष्याच्या उद्योगांतून त्या एका वर्षात सुमारे २,२२० टन पारा हवेत मिसळला, आणि त्यांपैकी सुमारे ८३८ टन एकट्या या लहान प्रमाणावरच्या सुवर्णशोधनाच्या खात्यावर पडतात. कोळशाचा क्रम त्याखालोखाल लागतो. वाफरूपातला हा पारा पाण्यात सहजासहजी विरघळत नाही, त्यामुळे पाऊस त्याला लगोलग खाली आणू शकत नाही. तो कित्येक महिने वाऱ्यावर हिंडत राहतो, आणि ज्या देशात तो धुराड्यातून बाहेर पडला त्याच्याशी ज्याचा सुतराम संबंध नाही अशा एखाद्या दूरच्या अरण्यावरून जाऊ लागतो.

तेथे त्याची गाठ पानाशी पडते. अरण्यात पारा येतो तो मुख्यतः पावसाबरोबर येतो, असे पुष्कळ काळ मानले जात असे, आणि म्हणून संशोधक पर्जन्यमापकाच्या जोडीला स्वच्छ बाटल्या ठेवून पावसाचे पाणी तपाशीत बसत. परंतु ज्यांनी पानेच उचलून तपासली त्यांना निराळाच प्रकार आढळला. पानाच्या पाठीवर जी असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात, ज्यांतून झाड कर्बवायू आत घेते आणि पाण्याची वाफ बाहेर सोडते, त्याच रंध्रांवाटे हवेतला पाराही आत शिरतो. आत शिरल्यावर त्याचा काही अंश पुन्हा बाहेर निसटतो हे खरे, पण बराचसा भाग पेशींतल्या गंधकयुक्त घटकांशी जखडला जातो आणि मग परत फिरत नाही. कोवळ्या पालवीत पारा नाममात्र असतो. दिवस जातात तसतशी त्याची मात्रा वाढत जाते, आणि देठ सुटून पान गळते त्या वेळी ते मूळच्या कित्येक पटींनी पारा घेऊन जमिनीवर येते. मुळांवाटे वर चढणारा पारा अगदीच थोडा. जमिनीतला पारा मुळेच अडवून धरतात. पानातला पारा हा बव्हंशी हवेचाच असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखवण्यात आले की उत्तर गोलार्धाच्या हवेतील पारा उन्हाळ्यात, म्हणजे तिकडची झाडे पानांनी भरून आलेली असताना, कमी होतो आणि हिवाळ्याकडे पुन्हा वाढतो. सबंध गोलार्धाच्या हवेत पानांच्या श्वासाची अशी नोंद सापडावी, या गोष्टीने मला जितके थक्क केले तितके या विषयातील दुसऱ्या कशाने केले नाही.

सुकलेल्या पाचोळ्याच्या एका टनात पारा असून असून किती असेल? साधारणपणे काही दशक मिलिग्रॅम. ही मात्रा इतकी क्षुद्र आहे की तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहू नये. परंतु अरण्य दरवर्षी आपली पाने टाकते, आणि पाचोळा कुजताना कर्ब वायूरूपाने निघून जातो पण पारा बहुतांशी मागे राहतो, त्यामुळे खालच्या काळ्या मातीत वर्षामागून वर्षे त्याची शिल्लक साठत जाते. अरण्याच्या जमिनीचा वरचा थर हा अशा रीतीने पाऱ्याचा एक विस्तीर्ण खजिना होऊन बसतो, आणि त्या खजिन्याचे कुलूप म्हणजे पुन्हा गंधक: कुजलेल्या पाल्याच्या मातीत सेंद्रिय रूपाने जो गंधक असतो तो पाऱ्याला असा पकडतो की सुटकेचे नाव नको.

ही पकड किती घट्ट आहे याची परीक्षा कॅनडात झाली, आणि ती इतक्या धैर्याने व सबुरीने झाली की तिची हकिकत सविस्तर सांगितली पाहिजे. ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्य भागात कित्येक लहान तळी केवळ शास्त्रीय प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. त्यांतील ६५८ क्रमांकाचे तळे, त्याच्या भोवतालचे उंचवट्यावरचे अरण्य आणि दोहोंमधली दलदल अशी तीन ठिकाणे संशोधकांनी निवडली. निसर्गातला पारा हा सात स्थिर समस्थानिकांचे मिश्रण असतो. गुणधर्म त्यांचे सारखेच, फक्त वजनात किंचित फरक. संशोधकांनी तीन निरनिराळे समस्थानिक वेगळे काढवून घेतले आणि २००१ ते २००७ अशी सात वर्षे उंचवट्यावरच्या झाडांवर २०० क्रमांकाचा, दलदलीवर १९८ क्रमांकाचा आणि तळ्याच्या पाण्यात २०२ क्रमांकाचा पारा अत्यल्प प्रमाणात टाकला. अरण्यावर आणि दलदलीवर तो विमानातून फवारला, तळ्यात होडीतून सोडला. टपालाच्या पिशवीवर शिक्का मारावा तसा हा प्रकार. पुढे कोणत्याही माशात पारा सापडला की तो कोणत्या वाटेने आला, हे शिक्क्यावरून ओळखता येणार होते.

तळ्यात टाकलेला पारा पहिल्या काही महिन्यांतच जलचरांच्या देहात दिसू लागला. अरण्यावर टाकलेल्या पाऱ्यापैकी मात्र शंभरातला एक भागसुद्धा पहिल्या वर्षांत तळ्यापर्यंत पोहोचला नाही. झाडांच्या पानांवर, खाली सांडलेल्या पाचोळ्यावर आणि मातीत तो अडकून राहिला, आणि ओढ्यांतून जो पारा वाहत होता तो नव्याने टाकलेला नसून पूर्वापार जमिनीत मुरलेला होता. पाऱ्याची जी जकात हवेने भरली, ती अरण्याने जमा करून घेतली आणि पुढे फारच थोडी सोडली. अरण्याने असे नसते केले तर जगातल्या तळ्यांतील आणि नद्यांतील माशांची काय अवस्था झाली असती, याची कल्पना या एका प्रयोगावरून करता येते.

तथापि या बंदोबस्ताला एक उणीव आहे, आणि ती ओलाव्यात आहे. अरण्याच्या खोलगट भागात, जेथे पाणी साचून राहते आणि चिखलात प्राणवायूचा शिरकाव होत नाही, तेथे असे सूक्ष्म जंतू वसतात की जे श्वसनासाठी प्राणवायूऐवजी गंधकाचे क्षार वापरतात. गंधक जेथे पाऱ्याला बांधून ठेवतो, तेथेच गंधकावर जगणारे हे जीव त्याला एका नव्या आणि भयंकर रूपात मोकळा करतात. पाऱ्याच्या अणूला ते कर्ब आणि उज्ज यांचा एक लहानसा गट जोडतात, आणि तयार होतो मिथिल पारा. चिखलातल्या जंतूंकडून हे घडते असे १९६९ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले. परंतु जंतूंच्या ठायी ही शक्ती कोठून येते याचा उलगडा २०१३ साली अमेरिकेतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाला, आणि ती दोन जनुकांच्या जोडीवर अवलंबून असल्याचे निष्पन्न झाले. मग कळले की ही जोडी केवळ गंधकाच्या क्षारांवर जगणाऱ्यांतच नाही. लोहावर जगणाऱ्या आणि दलदलीतला वायू निर्माण करणाऱ्या काही जंतूंतही ती आहे. आम्लवर्षेतून गंधकाचे क्षार दलदलीत उतरले की या उद्योगाला जोर चढतो, म्हणजे धुराड्यातून निघालेली दोन विषे चिखलात पुन्हा एकत्र येऊन परस्परांना साहाय्य करतात.

मिथिल पाऱ्याची गंधकासक्ती मूळ पाऱ्याइतकीच तीव्र असते, पण आता ती सजीवांच्या प्रथिनांवर उलटते. प्रथिनांत सिस्टीन नावाचे एक गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. त्याला मिथिल पारा चिकटला की ती जोडी शरीराच्या नित्य गरजेच्या दुसऱ्या एका अमिनो आम्लासारखी दिसू लागते, आणि मेंदूच्या वेशीवरचे रखवालदार तिला ओळखीची समजून आत सोडतात. गर्भाच्या वारेतूनही ती तशीच पार होते. जपानमधील मिनामाता येथे रसायनांच्या कारखान्याने खाडीत सोडलेल्या पाऱ्यामुळे कोळ्यांच्या वस्तीत जो आजार पसरला आणि १९५६ साली ज्याची अधिकृत नोंद झाली, त्याचे कारण हेच होते; मासे खाणाऱ्या आयांच्या पोटची मुले जन्मतःच पंगू निपजली. त्या गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला. भारतानेही तो २०१८ साली मान्य केला.

मिनामातामुळे पाऱ्याचे विष म्हटले की मासा, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. अरण्यातल्या सुक्या जमिनीवर राहणाऱ्या, मासळीला चोचही न लावणाऱ्या पाखरांना या विषापासून भय नाही, असे शास्त्रज्ञही पुष्कळ काळ समजत. हा समज मोडला तो अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात. तेथील साउथ रिव्हर या नदीकाठी वेन्सबरो गावी कृत्रिम धाग्याच्या एका मोठ्या कारखान्यात १९२९ ते १९५० पर्यंत पारा वापरला जाई, आणि त्यातला काही नदीत गेला. अर्धशतक उलटून गेल्यावर डॅनियल क्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीकाठच्या झाडीतली पाखरे पकडून, रक्ताचा थेंब घेऊन पुन्हा सोडून दिली, तेव्हा जमिनीवरचे किडे टिपून खाणाऱ्या पाखरांच्या रक्तात मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या तोडीचा पारा निघाला. त्यांनी पिलांना भरवले जाणारे भक्ष्य तपासले आणि गुन्हेगार सापडला: कोळी. कोळी हा स्वतः शिकारी. तो किडे खातो, ते किडे दुसरे किडे खातात, आणि मिथिल पारा शरीरातून लवकर बाहेर पडत नसल्यामुळे प्रत्येक पायरीवर त्याची मात्रा चढत जाते. वेलीवरच्या इवल्याशा पाखराने कोळी टिपावा, ही घटना अरण्यात दिवसातून लक्ष वेळा घडत असेल. तिच्यात मोठ्या माशाच्या शिकारीइतकेच विष असू शकते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाने दाखवून दिले. त्याच नदीकाठच्या रेन जातीच्या पक्ष्यांवर पुढे जे काम झाले, त्यात रक्तातला पारा जसा वाढतो तशी घरट्यांतून सुखरूप उडून जाणारी पिले कमी होतात असे आढळले.

पक्ष्याला या ओझ्यातून सुटायची एक वाट आहे. पिसे ज्या प्रथिनाची बनतात त्यात गंधक विपुल असतो. म्हणून पिसे फुटू लागली की रक्तातला पारा त्यांत ओतला जातो आणि पिसे झडली की त्यांच्याबरोबर जातो. आपल्या केसांचेही तेच. मादीला आणखी एक वाट असते, आणि ती मला सर्वांत क्लेशकारक वाटते: ती आपला काही पारा अंड्यात उतरवते.

हवेतून येणारा पारा आणि पाखरांच्या देहातला पारा यांची साखळी पुरती दिसते ती पेरू देशातल्या माद्रे दे दिओस प्रांतात. अॅमेझॉनच्या त्या अरण्याच्या पोटात सोन्याच्या शोधाने नद्यांचे काठ उकरून टाकले आहेत. जॅकलीन गर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की उघड्या, तोडलेल्या जागांपेक्षा जवळच्या दाट, जुन्या अरण्यात कितीतरी अधिक पारा उतरतो. लोस आमिगोस येथील राखीव अरण्यात पानांवरून निथळणाऱ्या पाण्यात त्यांना जे प्रमाण आढळले ते जगात तोवर नोंदल्या गेलेल्या सर्वोच्च प्रमाणांत मोडते. खाणीपासून दूरच्या अरण्यातील त्याच जातींच्या पाखरांशी तुलना करता येथल्या पाखरांच्या पिसांत पारा कित्येक पटींनी अधिक होता. अरण्य जितके निबिड, पाने जितकी दाट, तितके ते अधिक विष आपल्या अंगावर घेते.

आपल्या देशातला दाखला तमिळनाडूतील कोडाईकनालचा आहे. अमेरिकेतील वॉटरटाऊन येथून हलवलेला थर्मामीटरचा एक कारखाना १९८३च्या सुमारास तेथील डोंगरावर उभा राहिला आणि पुढे तो हिंदुस्थान लीव्हर कंपनीकडे आला. कारखान्याच्या मागे उतारावर पांबार शोला आहे. निलगिरी आणि पळणीच्या माथ्यांवर, गवताळ कुरणांच्या घड्यांमध्ये ओल धरून राहिलेली ही ठेंगणी, सदाहरित, शेवाळाने मढलेली झाडी म्हणजेच शोला. तिच्या मातीतून झिरपणारे पाणी ओढ्यांवाटे खालच्या मैदानांत जाते. २००१ साली गावातल्या एका भंगाराच्या वखारीत पारा असलेली फुटकी काच सापडली, लोकांनी आवाज उठवला आणि कारखाना बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारामिश्रित माल अमेरिकेस परत पाठवावा लागला. हैदराबाद येथील अणुऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी त्या काळात कोडाई तळ्याभोवतीच्या झाडांवरची दगडफुले आणि शेवाळ तपासले. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते त्याच कुळातली ही जीवजात: तिला मुळे नाहीत, ती जे घेते ते हवेतून आणि पावसातून घेते, म्हणून हवेची साक्ष तिच्याइतकी चोख कोणी देत नाही. वीसेक किलोमीटरवरच्या बेरिजम तळ्याकाठच्या नमुन्यांपेक्षा येथल्या नमुन्यांत पारा कितीतरी पटींनी जास्त भरला. कारखान्यातील माजी कामगारांना नुकसानभरपाई मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले. शोलाला फिर्याद करता येत नाही.

महाराष्ट्राच्या अरण्यांचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे चंद्रपूर जिल्हा येतो, कारण कोळशावर चालणारे देशातले एक अवाढव्य वीजकेंद्र आणि ताडोबाचे सागाचे अरण्य या एकाच जिल्ह्यात आहेत. साग आपली रुंद पाने दरसाल झाडून टाकतो आणि उन्हाळ्यात त्या पाचोळ्यावरून वणवे धावतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीतही जुनीच आहे. पाचोळा जळाला की त्यातला पारा जवळजवळ सगळा वाफ होऊन पुन्हा हवेत जातो. पानांनी वर्षभर जे वसूल करून आणले ते एका दुपारी परत फेडले जाते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेथेही हेच होते, मात्र तेथली मात्रा इतकी अल्प की त्यासाठी गरीब शेतकऱ्याला कोणी दोष देऊ नये. खरी चिंता मोठ्या वणव्यांची आणि तोडीची आहे. झाडे तोडून जमीन तुडवली, पाणी साचले, की खजिन्याला ओल लागते आणि जंतूंचा उद्योग सुरू होतो. धरणाच्या पाण्याखाली सबंध अरण्य गेले तर काय होते हे कॅनडातील जेम्स बे परिसरात दिसले: नव्या जलाशयांतील माशांत पारा कित्येक पटींनी वाढला, आणि त्या माशांवर जगणाऱ्या क्री लोकांना आपल्या अन्नाविषयी साशंक व्हावे लागले.

६५८ क्रमांकाच्या तळ्याची हकिकत मी अर्धवट सोडली होती. २००७ नंतर संशोधकांनी पारा टाकणे थांबवले आणि मासे पकडून तपासत राहिले. आठ वर्षांत लहान माशांमधला, तळ्याच्या शिक्क्याचा पारा ८५ टक्क्यांहून अधिक घटला. पाइक नावाच्या मोठ्या शिकारी माशात तो ७६ टक्क्यांनी आणि व्हाइटफिशमध्ये ३८ टक्क्यांनी कमी झाला. धुराड्यांतून येणारा पारा थांबला तर पाणी इतक्या लवकर सावरते, हे २०२२ साली त्यांनी जाहीर केले तेव्हा मला अतिशय आनंद झाला. पण उंचवट्यावरच्या झाडांखाली त्यांनी टाकलेला २०० क्रमांकाचा पारा अजून तेथेच आहे. दर पानगळीला नवा पाचोळा त्याला आणखी थोडा खाली दाबतो, आणि काळ्या मातीत, गंधकाला धरून, तो निश्चंद्र पडून आहे.